वहिनीचे मथळे

आमच्या वहिनीशी माझं गेली एकतीस वर्षं भांडण चालू आहे आणि ते मिटावं असं दोघींपैकी कुणालाच वाटत नाही. मी तिची नणंद. खालच्या मजल्यावर ती आणि दादा, वरच्या मजल्यावर मी एकटी. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यामुळे माझा आवाज जिन्यातून खालपर्यंत व्यवस्थित पोचतो. वहिनीचा वर येत नाही, कारण ती बोलतच नाही. दिवसाला मोजून दहा वाक्यं, त्यातली चार म्हणजे मला टोमणे. तरी मी तिचं कौतुक सांगायला बसले आहे. तेव्हा नणंद सांगतेय म्हणजे त्यात भेसळ नसणार, एवढं धरून चाला.

वहिनी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहन उभे करू नये'च्या. छापील फलक आल्यापासून काम निम्म्यावर आलं, पण डॉक्टर आणि वकील लोक अजून तिच्याकडेच येतात. अंगात दादाचा जुना शर्ट, खिशात खडू, कानावर पेन्सिल. पत्रा घासायचा, अस्तर द्यायचं, खडूच्या दोरीने रेघ उठवायची आणि मग अक्षर. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, 'नाव जरा मोठं काढा हो,' की संपलं. "काय लिहायचं ते तुम्ही सांगा. केवढं लिहायचं ते मी ठरवणार," असं म्हणून ती ब्रश सरळ डब्यात ठेवते, म्हणजे काम बंद, आणि गिऱ्हाइकाकडे पाहत बसते. अजून तरी तिच्यासमोर कुणी टिकलेलं नाही.

दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. कोपऱ्यावर दीड माणूस मावेल एवढं दुकान. त्या दुकानाची पाटी रंगवायला वहिनी आली, तीच त्यांची पहिली भेट. निळी पाटी, पिवळी अक्षरं. ती शिडीवर चढून पाटी ठोकत होती आणि दादा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ओरडला, "डावीकडे कललीय!" वहिनी खाली उतरली, पिशवीतून पातळी बघायची पाणसळ काढली, पुन्हा वर चढली, पाटीवर ठेवून दाखवली. बुडबुडा बरोबर मधोमध. दादा म्हणाला, "मग पाणसळच कललेली असेल." चार महिन्यांनी लग्न झालं.

तेव्हापासून वहिनीने कुठलीही पाटी लावली की दादा रस्त्याच्या पलीकडे हजर. आणि वाक्य तेच. डावीकडे कललीय. इतक्या वर्षांत एकदाही त्याने 'सरळ आहे' म्हटलं नाही आणि एकदाही हिने त्याचं ऐकून खिळा हलवला नाही. लोक थांबून बघायचे. मलाही वाटायचं, काय हा पोरखेळ! पण दोघांचे चेहरे बघितले की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं, आणि ते सहसा होत नाही.

मग दादाला काचबिंदू झाला. दोन वर्षांत हळूहळू सगळं गेलं. मशीनं तो बोटांनी अजूनही खोलायचा, पण एकदा सुई बोटात आरपार गेली आणि त्या दिवशी त्याने दुकान बंद केलं. वहिनीने पाटी काढून आणली. दादाने विचारलं, "पाटीचं काय केलंस?" वहिनी म्हणाली, "पुसली. पत्रा चांगला होता." दादाने मान हलवली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, पत्र्याचा काय दुष्काळ पडला होता का?

त्यानंतर दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. वहिनी संध्याकाळी कामावरून आली की विचारायचा, "आज कुणाची पाटी?" ती सांगायची, "दातांच्या डॉक्टरांची." "कशी झाली?" "झाली." बस्स. एकदा मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "दोन शब्द सांगितलेस तर तुझी जीभ झिजेल का?" ती म्हणाली, "काय सांगू? रंग सांगू? ज्याला दिसत नाही त्याला लाल-हिरवं सांगून जखमेवर मीठ चोळू?" तिचे डोळे भरले होते. मी वर आले आणि उगाचच भांडी आपटली.

तर असं सगळं चाललेलं असताना तंत्रशाळेचे प्राचार्य घरी आले. त्यांची स्वतःची आई दादाकडून मशीन दुरुस्त करून घ्यायची. चहा घेता घेता म्हणाले, "शिलाई मशीन दुरुस्तीचा वर्ग आहे, अकरा विद्यार्थी आहेत, शिकवायला माणूस नाही. सात आठवड्यांनी एक तास घेऊन बघा. जमलं तर आठवड्यातून दोन दिवस या."

दादा हसला. म्हणाला, "साहेब, मी कधी पाठ करून काम केलं नाही. माझं सगळं वहीत आहे."

हे खरं होतं. दादाच्या चौदा वह्या आहेत. कुठलं मशीन, काय दुखणं, काय उपाय, शेजारी पेन्सिलीने चित्र. गिऱ्हाइकाने काही विचारलं की तो म्हणायचा, "थांबा, वहीत बघून सांगतो." लोक त्याला 'वहीवाले' म्हणूनच ओळखायचे. प्राचार्य गेल्यावर तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "आता वहीत बघून कोण सांगणार? वर्गात पोरं विचारतील आणि मी आठवत बसेन. नको, लाज जाईल." मग जरा वेळाने, अगदी हळू, "जायला आवडलं असतं मला," असंही म्हणाला. ते आम्ही दोघींनी ऐकलं.

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चौदा वह्या घेऊन वर आली आणि तिने त्या माझ्या टेबलावर आदळल्या. "तुम्हाला टाइप येतं ना, वन्सं?" एरवी मी तिची 'ताई'. वन्सं म्हणाली की समजायचं, नाही म्हणायची सोय नाही.

मी टाइप केलं. अडीच आठवडे, रोज चार तास. दादाच्या कॉम्प्युटरवर वाचून दाखवणारी एक बाई आहे, म्हणजे आवाज आहे. पडद्यावर जे असेल ते ती बोलते. आम्ही तिला बोलकी बाई म्हणतो. आमच्या घरात तीन बायका, त्यातली एक यंत्रातली, आणि सगळ्यात शांतपणे तीच बोलते. मी सगळ्या वह्या एका फायलीत घातल्या, दादाला खुर्चीवरून उठवून समोर बसवलं आणि म्हटलं, "घे तुझी वही."

बोलकी बाई सुरू झाली. पहिल्या वहीचं पहिलं पान. दुसरं पान. दादा म्हणाला, "मला नवव्या वहीतलं 'टाका सुटतो' हवंय." आता ते कसं काढायचं? बाई आपली पहिल्यापासून वाचतेय. पुढे पळवली तर कुठे आलो ते कळत नाही. पंचवीस मिनिटांनी आम्ही तिसऱ्या वहीत होतो. दादाने हात मांडीवर ठेवले. "वर्ग तोवर घरी जाईल," तो म्हणाला. माझ्या अडीच आठवड्यांच्या मेहनतीची अशी माती झाली आणि राग कुणावर काढावा तेही कळेना.

उपाय लायब्ररीवाल्या बाईंनी सांगितला. आमच्या लायब्ररीत वरच्या खोलीत शनिवारी दुपारी मोठ्या माणसांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग असतो. बाई स्वतः शिकवतात. त्या म्हणाल्या, "वह्यांचं वेबपान करा. एचटीएमएल शिकून घ्या, अवघड नाही. मजकुरातला कुठला भाग काय आहे ते खुणा घालून सांगायचं. मथळ्यांना मथळ्याची खूण घातलीत की तुमचे दादा नुसतं एच दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतील. वही उलटल्यासारखं."

आम्ही दोघी गेलो. मी पहिल्याच शनिवारी परत आले. बाईंनी मला तीनदा सांगितलं, 'आधी ऐका, मग विचारा,' आणि ते मला कुणी सांगितलेलं चालत नाही. वहिनी मात्र शेवटच्या बाकावर बसून राहिली, कानावर पेन्सिल, समोर चौकटींची वही. तिने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. एका बोटाने एकेक कळ शोधायची, दाबायची आणि दाबल्यावर बोट पुसायची, जणू रंग लागला असेल.

पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकलीस?" तिने वही उघडून दाखवली. कोनासारखे दोन कंस, त्यांच्या मध्ये एच आणि आकडा. मग मजकूर. मग पुन्हा तसेच कंस, पण आत आधी एक तिरकी रेघ. "ही सुरू झाल्याची खूण, ही संपल्याची," ती म्हणाली. "डबा उघडला की झाकण लावायचं. एवढंच आहे." परिच्छेदाची एक खूण, यादीची एक, ठळक अक्षराची एक. मला वाटलं होतं काहीतरी आकाशपाताळ असेल. वहिनी म्हणाली, "पत्र्यावर मी खडूने खुणा करते की नाही? रंगवल्यावर त्या पुसतात. तसंच आहे. खुणा पानावर दिसत नाहीत, काम करतात."

हे ऐकून मी मनात म्हटलं, वा! आणि तोंडाने म्हटलं, "बघू या."

पुढचे दोन आठवडे ती दुपारी वर येऊन माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायची. मला पडद्याकडे बघू देत नसे. "झाल्यावर बघा." दादालाही सांगितलं नव्हतं. तास घ्यायला तेरा दिवस राहिले असताना, एका रविवारी सकाळी, तिने आम्हाला दोघांना बोलावलं. पान उघडलं आणि मी खरंच तोंडात बोट घातलं. काय सुंदर पान! प्रत्येक मथळा तळहाताएवढा मोठा, लालबुंद, खाली सावलीसारखी करडी रेघ. मशीनांची नावं निळी. दुखणं लाल, उपाय हिरवा. तिची सगळी पाट्यांची विद्या तिने त्या पानात ओतली होती.

"दाबा एच," वहिनी म्हणाली.

दादाने एच दाबला. बोलकी बाई म्हणाली, "पुढे मथळा नाही."

पुन्हा दाबला. "पुढे मथळा नाही."

"असं कसं नाही?" वहिनी ओरडली. तीस वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. "एवढा वीतभर लाल मथळा समोर आहे, दिसत नाही का?"

वहिनीने दोन्ही हात तोंडावर घेतले. आणि दादा? दादा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "नाही गं दिसत," तो म्हणाला, "मलाही नाही आणि तिलाही नाही!" मग मीही हसले. वहिनी हसली नाही. ती उठून बाहेर गेली आणि अंगणात तिने एक चांगला घासलेला पत्रा पुन्हा घासून काढला.

सोमवारी ती सगळं पान खुणांसकट छापून घेऊन लायब्ररीत गेली. मी पाठोपाठ गेले, बाई काय बोलतात ते ऐकायला. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "मी पहिल्याच दिवशी मथळ्याची खूण शिकवली होती. ती का नाही वापरलीत?"

वहिनी म्हणाली, "वापरून बघितली. ती खूण घातली की अक्षर आपोआप केवढं तरी होतं. काळं, जाड, मेलेलं. अक्षर केवढं ते मी ठरवते. म्हणून साध्या मजकुरालाच ठळक केलं, मोठं केलं, रंग दिला. दिसायला तो मथळाच आहे की."

"दिसायला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. मला कधी त्या एवढ्या प्रेमाने बोलल्या नाहीत. "अहो, ही खूण 'मोठं काढ' असं सांगत नाही. 'हा मथळा आहे' असं सांगते. केवढं दिसावं ते नंतर वेगळं सांगता येतं, ते तुम्हीच ठरवा. पण आधी ते काय आहे ते सांगा. तुम्ही डोळ्यांना सांगितलंत. त्यांच्या कानांना कुणी सांगायचं?"

वहिनी खाली बघत उभी राहिली. मला वाटलं आता ही ब्रश डब्यात ठेवणार. पण ती म्हणाली, "सगळं पुन्हा करते." आणि वाटेत, पुलापाशी, आपणहून म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं मी त्यांच्यासाठी करतेय. मी तर माझ्यासाठीच पाटी रंगवत होते."

मी तिची पिशवी उचलून घेतली.

मग सुरू झालं खरं काम. सगळी रंगरंगोटी काढून टाकली. चौदा वह्या म्हणजे चौदा मोठे मथळे, एच एक. आत मशीनं, एच दोन. त्याच्या आत दुखणी, एच तीन. आकडा एक दाबला की नुसत्या वह्यांवर उडी, एच दाबला की आतल्या मथळ्यांवर. पहिल्या प्रयत्नात एका ठिकाणी संपल्याच्या खुणेतली तिरकी रेघ राहिली आणि पाचव्या वहीपासून पुढे बोलकी बाई प्रत्येक ओळीला 'मथळा, मथळा' करत सुटली, तेलाच्या थेंबालासुद्धा. दादा म्हणाला, "काय गं, सगळंच महत्त्वाचं झालं का?" वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. ज्या बाईने जन्मात रंगाचा डबा उघडा टाकला नाही तिने मथळा उघडा टाकला, हे तिला फार लागलं. रात्रीचं जेवणसुद्धा ती धड जेवली नाही.

मथळे जमले. आता अडली ती चित्रं. वह्यांमधली दादाची पेन्सिलीची चित्रं आम्ही पानात घातली होती, पण बोलकी बाई तिथे आली की नुसतं 'चित्र' म्हणून पुढे जायची. लायब्ररीवाल्या बाईंनी सांगितलं की प्रत्येक चित्राच्या खुणेत एक वाक्य लिहायची जागा असते. चित्रात काय आहे ते तिथे लिहायचं, बोलकी बाई ते वाचते.

"चित्र सांगायचं असतं तर काढायचं कशाला?" वहिनी फणकारली. पण लिहायला बसली. शेजारी दादा. एकेक चित्र समोर घ्यायची आणि सांगायची. मी दारात उभी राहून ऐकायचे, कारण अशी करमणूक फुकट मिळत नाही.

"एक गोल आहे. आत छोटा गोल."

"काय गोल? शटल असेल."

"मला काय माहीत शटल? बशीसारखं आहे. कडेला एक नखासारखं टोक आलंय."

"ते टोक म्हणजेच सगळं! तेच धागा पकडतं. कुठल्या बाजूला आहे?"

"वर. जरा उजवीकडे. आणि तुम्ही तिथे बाण काढलाय, वाकडा."

"बाण सरळच काढला होता मी."

"डावीकडे कललाय," वहिनी म्हणाली.

दादा हळूच हसला. दोनशे अकरा चित्रं होती. दहा दिवस ती त्याला सांगत होती. सुरुवातीला गोल आणि चौकोन, मग रेघ जाड की बारीक, मग कागद कुठे पिवळा पडलाय, तेलाचा डाग कुठे आहे, आणि त्याच्या हातचं अक्षर घाईत कसं लिहिलंय ते. एका संध्याकाळी दादाने विचारलं, "आज कुणाची पाटी होती?" आणि वहिनी म्हणाली, "पेढीची. पांढऱ्यावर गर्द हिरवी. हिरवा जरा जास्त झाला, बाटलीच्या काचेसारखा." मी जिन्यात थांबले. माझा पाय वर उचललेला तसाच राहिला. दादाने विचारलं, "आणि सरळ लागली?" ती म्हणाली, "अगदी." तो म्हणाला, "शक्य नाही."

त्या दिवशी मी रडले. आनंदाने रडले, त्यात लपवायचं काय?

तासाचा दिवस आला. वहिनी म्हणाली, "मी येत नाही. माझी एक पाटी लावायची आहे आज." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आजच्या दिवशी? आहे कोण असं मोठं गिऱ्हाईक?" ती शिडी पुसत बसली. मी रागारागाने दादाचा हात धरला, कॉम्प्युटर काखेत मारला आणि निघाले. वाटेत मी तिच्याबद्दल काय काय बोलले ते इथे सांगत नाही. दादा ऐकत होता.

वर्गाच्या खोलीत लांब बाकं, त्यावर सहा मशीनं, मागे प्राचार्य हाताची घडी घालून. अकरा माणसं. कुणी वीस वर्षांचं, एक बाई माझ्या वयाची. दादा एका मशीनपाशी उभा राहिला आणि त्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "हिला कुणीतरी फार तेल पाजलंय." वर्ग हसला आणि मी मागच्या बाकावर टेकले.

पाऊण तास त्याने बोटांनी शिकवलं. मध्येच बाहेर ठोकाठोकी सुरू झाली. ठक ठक ठक. मी दारापर्यंत उठून जाणार होते, आज कुणाला मुहूर्त लागलाय म्हणून झापायला, पण प्राचार्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली. मग त्या माझ्या वयाच्या बाईने विचारलं, "सर, माझ्या मशीनचा टाका एरवी बरोबर येतो. जाड कापडावरच सुटतो. का?"

दादा थांबला. कपाळावर आठी आली. हीच ती वेळ होती जिला तो घाबरत होता. मग त्याने हात कॉम्प्युटरकडे नेला आणि म्हणाला, "थांबा, वहीत बघून सांगतो."

आकडा एक. पुन्हा एक. पुन्हा एक. बोलकी बाई भराभर म्हणत गेली, वही सात, वही आठ, वही नऊ. मग एच, आतले मथळे, टाका सुटतो, जाड कापड. मग खालच्या बाणाची कळ, आणि बोलक्या बाईने वाचलं, "सुई बारीक असेल. जाड सुई लावा. तरी सुटला तर कापड दाबणाऱ्या पायाचा दाब वाढवा." दादाने मान वर केली. "सुई बदलून बघितलीत का?" त्या बाई म्हणाल्या, "नाही." "मग आधी तेच करा." अर्ध्या मिनिटाचं काम. मागे प्राचार्यांनी हाताची घडी सोडली होती.

पोरांना आता ती वहीच बघायची होती. कुणी म्हणालं, "सर, शेवटपर्यंत न्या ना." दादा खुशीत येऊन एक दाबत गेला. वही तेरा. वही चौदा. आणि मग बोलकी बाई म्हणाली, "मथळा, स्तर एक. पाटी."

"हे माझ्या वहीतलं नाही," दादा म्हणाला. माझ्याकडे वळला. "तू टाइप केलंस?" मी म्हटलं, "मी कशाला?" त्याने खाली बाण दाबला.

बोलकी बाई सगळ्या वर्गासमोर, त्याच शांत आवाजात वाचू लागली. "चित्र. निळी पाटी, पिवळी अक्षरं. शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल. निळा रंग आता फिका झालाय, उन्हाळी दुपारच्या आभाळाएवढा. पिवळ्यावर मी काल नवा हात दिला. पुसलेली नाही. पुसली म्हणाले ते खोटं होतं, मला तुमच्यासमोर ती बघवत नव्हती. शिडीच्या मागे पोत्यात होती. आज या वर्गाच्या दाराशेजारी लावली आहे. सरळ आहे."

आता बघा, हे तिने सकाळी सहाला लिहिलं होतं, दादा आंघोळीला गेला तेव्हा. पाटी लागायच्या तीन तास आधी. आधीच सरळ!

दादा उठला. मी हात पुढे केला तर त्याने बाजूला सारला. बाकांना हात लावत लावत तो दारापर्यंत गेला. बाहेर वहिनी उभी होती, हातात हातोडी, अंगात त्याचा जुना शर्ट. जन्मभर ती पाट्या उंचावर लावत आली. ही तिने छातीच्या उंचीवर लावली होती, हात पोचेल अशी. एकतीस वर्षांचे रंगाचे थर होते, अक्षरांच्या कडा बोटांना लागत होत्या. दादाने दोन्ही हातांनी पाटी वरपासून खालपर्यंत चाचपली. श, मग ल, मग मशीनचं म. मग वरच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवले.

"डावीकडे कललीय," तो म्हणाला.

वहिनी पाणसळ काढेल असं मला वाटलं. तिच्या पिशवीतून ती बाहेर डोकावतच होती. पण तिने नाक पुसलं आणि विचारलं, "किती?"

"बोटभर."

आणि या बाईने, जिने तीस वर्षांत कुणाचं ऐकून एक खिळा हलवला नाही, तिने हातोडीच्या मागच्या बाजूने डावीकडचा खिळा उपटला, पाटी बोटभर वर उचलली आणि पुन्हा ठोकली.

दादा आता मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवायला जातो. ती पाटी त्याच जागी आहे, उजवीकडे चांगली बोटभर कललेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, अहो, जरा सरळ करून घ्या. वहिनी म्हणते, "आत लिहिलंय ना, सरळ आहे म्हणून. वाचून घ्या."